पावसाळी डबकं राहू द्यायचं की बारमाही तळं बांधायचं? बेडूक हवे असतील तर हे आधी वाचा

घोडबंदर रोडला माझ्या मैत्रिणीच्या सोसायटीत सध्या हाच वाद चाललाय. मागच्या भिंतीलगत, येऊरच्या बाजूला, एक खोलगट जागा आहे, जूनमध्ये भरते आणि पावसाळा सरला की सुकते. अर्ध्या लोकांना तिथे लायनर (पाणी झिरपू न देणारं प्लास्टिक) टाकून, कारंजं लावून, गप्पी मासे सोडून बारमाही तळं करायचंय, बाकीच्यांना आहे तसंच ठेवायचंय, आणि बेडूक मात्र दोन्ही पार्ट्यांना हवेत. तुमच्याकडेही असं काही ठरायचं असेल तर मला जे माहितीये ते सांगते.

बारमाही पाणी म्हणजे बेडकांची चैन असं वाटतं ना, पण बहुतेक जातींच्या बाबतीत उलट आहे. डबकं आटतं हाच त्याचा मोठा गुण. आटतं म्हणून मासे टिकत नाहीत आणि मासे नाहीत म्हणून अंडी आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, वाचतात. शिवाय पावसाळ्यात उथळ पाणी उन्हाने पटकन कोमट होतं, पालापाचोळा कुजून शेवाळ धरतं, पिल्लांना खायला भरपूर.

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की रात्री टॉर्च घेऊन जा. पिवळेधमक झालेले बुलफ्रॉगचे नर, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडत असतात, एरवी हाच प्राणी मळकट हिरवा-तपकिरी दिसतो. सकाळी काठाशी वाकून बघितलं तर भेकाची (खरखरीत कातडीचा टोड) अंडी दिसतात, काळ्या पोतीसारखी लांबच लांब माळ, पारदर्शक जेलीत ओवलेली, गवताच्या काड्यांना गुंडाळलेली. पाण्यावर झुकलेल्या अळूच्या पानाला पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलेला असेल तर तो झाडबेडकाचा. काही दिवसांनी पिल्लं त्या फेसातून खाली पाण्यात टपटप पडतात. पाणी बरोबर खालीच असावं लागतं, म्हणून काठची झाडं छाटू नका प्लीज.

आता डबक्याची जोखीम. जुलै-ऑगस्टमध्ये लांबलचक उघडीप पडली तर पाणी आटून सगळी पिल्लं एका दुपारीही मरू शकतात. भेकाचं पिल्लू पाण्याबाहेर पडायला साधारण महिना ते दीड महिना लागतो. बऱ्याच जातींची पिल्लं पाणी कमी होतंय हे कळलं की वाढ घाईने उरकतात आणि लहान अंगानेच बाहेर येतात, अमेरिकेच्या वाळवंटातला स्पेडफूट नावाचा एक बेडूक तर आठवड्याभरात हे सगळं करतो, पण आपल्या भेकाला ते जमत नाही. बुलफ्रॉगची पिल्लं दुसऱ्यांची पिल्लं खातात, चतुराच्या अळ्याही पिल्लांना खातात, ढोकरी येते, पाणदिवड येतो. हे चालतंच, त्यासाठीच अंडी हजारोंनी घातलेली असतात.

बांधलेल्या तळ्यात काय मिळेल? पाण्यावरून टणाटण उड्या मारत जाणारा छोटा बेडूक वर्षभर दिसेल, त्याला कायमचं पाणी मानवतं. बाकीचे येतील, ओरडतील, अंडीही घालतील, आणि मासे ती फस्त करतील. गप्पी आणि गंबुशिया हे मासे डासांच्या अळ्या खातात हे खरं, पण बेडकांची अंडी आणि बारीक पिल्लंही सोडत नाहीत. दुसरा त्रास उभ्या टाइल्सचा. एका ओळखीच्या सोसायटीत मी स्वतः बघितलंय, नखाएवढी बेडकं शेपटी आक्रसून बाहेर यायला निघालेली आणि गुळगुळीत भिंतीवरून परत परत घसरत होती, दुसऱ्या दिवशी तरंगताना दिसली. फार वाईट वाटलं. तिथे एक विटांचा उतार पुरला असता.

डासांचा मुद्दा कमिटीत येणारच आणि तो खरा आहे. भरल्यानंतरचा पहिला आठवडा-दीड आठवडा डबक्यात शिकारी किडे पोचलेले नसतात, तेव्हा अळ्या होतात. त्यासाठी बीटीआय नावाचं जिवाणूंचं औषध मिळतं, ते अळ्या मारतं, बेडकांच्या पिल्लांना सहसा अपाय करत नाही. काळं तेल आणि कीटकनाशकाची फवारणी मात्र नको. डेंग्यूचा डास तर मुख्यतः कुंड्यांखालच्या ताटल्या, ड्रम, टायर यांतल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, आधी ते उपडं करा.

माझं मत स्पष्ट आहे, डबकं ठेवा, पैसेही वाचतील. दोन महिने पाणी टिकत नसेल तर मधोमध गुडघाभर खोल करा, कडा उतरत्या ठेवा, गाड्या धुतलेलं पाणी तिकडे वळू देऊ नका. तळं आधीच बांधून झालं असेल तर मासे काढा, एका कोपऱ्यात उतार करा आणि एप्रिलमध्ये पूर्ण रिकामं करून सुकू द्या, म्हणजे त्याचंही डबकंच होईल.

खोदकाम पावसाआधी आटपा, पण जेसीबी नको, फावड्यानेच करा, कारण काही बेडूक उन्हाळाभर त्याच मातीत स्वतःला पुरून बसलेले असतात. कोणी निघालाच तर बाजूच्या सावलीतल्या भुसभुशीत ओलसर मातीत सोडा, तो परत आत शिरतो.