कार्यशाळा की वर्गातील सोबत?

शाळेत तंत्रज्ञान-मार्गदर्शक म्हणून नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षिकेने विचारले आहे की, हाताशी असलेले मोजके तास सर्वांसाठीच्या कार्यशाळांना द्यावेत, की एकेका शिक्षकासोबत वर्गात बसून काम करावे.

वेळ आणि खर्च पाहता कार्यशाळा सरस आहे. टिकाऊपणाच्या बाबतीत मात्र ती मागे पडते. निव्वळ प्रशिक्षणात शिकलेले फारसे वर्गात उतरत नाही, त्याला नंतरच्या सोबतीची जोड लागते, असे शिक्षक-प्रशिक्षणाचे अभ्यासक ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स १९८०च्या दशकापासून मांडत आले. २०१८ साली ६० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही वर्गातील मार्गदर्शनाने अध्यापन सुधारल्याचे आढळले, परंतु कार्यक्रमातील शिक्षकांची संख्या वाढली तसा परिणाम कमी होत गेला.

समतेचा निकष मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गटकामात माउस नेहमी कोणाच्या हाती असतो, घरी एकच फोन तिघा भावंडांत कसा वाटला जातो, व्हिडिओला उपशीर्षके नसल्याने कोणाचा धडा बुडतो, हे वर्गात बसल्यावरच कळते. तरीही, जो शिक्षक बोलावील त्याच्याकडेच जायचे ठरवले, तर आत्मविश्वास असलेल्यांनाच अधिक मिळते. म्हणून वर्गांची निवड मार्गदर्शकाने स्वतः, गरज पाहून करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

नवी प्रणाली सर्वांना एकाच वेळी ओळखीची करायची असेल, तर कार्यशाळा पुरते. मागे राहणाऱ्या मुलांसाठी अध्यापनच बदलायचे असेल, तर थोडे वर्ग निवडून तिथे निदान एक शैक्षणिक सत्र टिकून राहणे योग्य.