के-२ (एमके-७) सॉफ्टजेल : माल चांगला, पण लेबलवर हवं ते नाही

व्हिटॅमिन के-२ ची ही बाटली मी स्वतःसाठी मागवली होती. माझ्या तपासणीत हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम साचल्याचं निघालं आणि बाटलीवर ठळक छापलं होतं, 'कॅल्शियम हाडांत जाईल, धमन्यांत नाही'. त्या एका ओळीवर मी ऑर्डर दिली.

वस्तूबद्दल तक्रार नाही. साठ सॉफ्टजेल, छोट्या, घशात अडकत नाहीत, वास नाही. प्रत्येकीत १०० मायक्रोग्रॅम आणि ते एमके-७ आहे हे स्वच्छ लिहिलंय. बऱ्याच बाटल्यांवर नुसतं 'के-२' असतं, त्यात एमके-४ की एमके-७, म्हणजे के-२ चा कोणता प्रकार, हे कळत नाही. फरक मोठा आहे. पालेभाज्यांतलं के-१ रक्तातून काही तासांत उतरतं, एमके-७ मात्र कित्येक दिवस रेंगाळतं.

हे रेंगाळणंच आम्हाला भोवलं. दादाच्या हृदयात धातूची झडप आहे, गेली अकरा वर्षं तो वॉर्फरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी, घेतोय. 'माझ्यापेक्षा तुलाच याची जास्त गरज,' म्हणून मी त्याला रोज एक द्यायला लागले. त्याची एक वही आहे : तारीख, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, कमी आला की गुठळीची भीती), गोळीची मात्रा. त्याला २.५ ते ३.५ मध्ये राहायचं असतं. २.८, २.७, २.९ अशी ओळीने मांडणी आणि मग एकदम १.७. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, 'नवीन काय सुरू केलंत?' दादाने खिशातून माझी सॉफ्टजेल काढून टेबलावर ठेवली. पुढे पोटात इंजेक्शनं, दर दोन-तीन दिवसांनी रक्त, झडपेवर गुठळी होते की काय या धास्तीत काढलेल्या रात्री.

लिव्हर रक्त गोठवणारे घटक तयार करतं. त्यांतल्या २, ७, ९ आणि १० या क्रमांकांच्या घटकांना व्हिटॅमिन के लागतं. वॉर्फरिन शरीराला तेच के पुन्हा वापरू देत नाही. बाहेरून के मिळालं की गोळीचा जोर कमी पडतो. इतकी जुनी, साधी गोष्ट, पण लेबलवर वॉर्फरिन हा शब्द नाही. बाटलीच्या मागे, जोडाखाली दबलेल्या बारीक अक्षरांत 'इतर औषधे चालू असल्यास सल्ला घ्यावा' एवढंच आहे. मी कंपनीला लिहिलं. उत्तर आलं की मजकूर नियमाप्रमाणे आहे.

आता त्या ठळक ओळीबद्दल. ती हवेतून आलेली नाही. धमन्यांच्या भिंतीत मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन असतं, ते कॅल्शियम साचू देत नाही आणि त्याला कामाला लावायला के लागतं. १९९७ मध्ये हे प्रोटीन नसलेले उंदीर तयार केले, तर त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरल्या आणि ते दोन महिन्यांच्या आत मेले. पण गोळी घेऊन माणसाच्या धमन्या वाचतात का, हा प्रश्न वेगळा. डेन्मार्कमध्ये महाधमनीच्या झडपेत कॅल्शियम साचलेल्या ३६५ पुरुषांवर चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आला. दोन वर्षं रोज ७२० मायक्रोग्रॅम एमके-७, जोडीला व्हिटॅमिन डी. झडपेतलं कॅल्शियम वाढण्याच्या वेगात लक्षणीय फरक पडला नाही. तो डोस माझ्या सॉफ्टजेलच्या सातपट होता! हे मी आधी वाचलं असतं तर बाटली घेतलीच नसती. मला स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि रक्तदाबाची गोळी आहेच, त्यांच्यावर माझा भरवसा आहे.

घरात कुणी वॉर्फरिन घेत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला ही देऊ नका. पालेभाजी मात्र बंद करू नका, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. आम्हाला डॉक्टरांनी हेच सांगितलं. गुठळी रोखणाऱ्या एपिक्सबानसारख्या नव्या औषधांचं काम के वर चालत नाही, तरी तुमचं औषध नेमकं कोणतं ते आधी बघा.

पाचपैकी दोन तारे, दोन्ही सॉफ्टजेलच्या दर्जासाठी. दादाचा परवाचा आकडा २.७ आला. वहीत १.७ च्या ओळीखाली त्याने लाल रेघ मारलीय आणि शेजारी या सॉफ्टजेलचं नाव लिहून ठेवलंय.