सोसायटीत मुलांसाठी कलाकार बोलवावेत का? खजिनदाराचा अभिप्राय

चेकवर सही माझी, त्यामुळे हिशेबही मलाच विचारला जातो. शेजारच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी भेटले की एकच प्रश्न : रविवारी तुमच्याकडे मुलांचं ते काय चालतं, आम्हीही घ्यावं का? प्रत्येकाला उभ्या उभ्या सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आम्ही विक्रोळीला, कन्नमवार नगरात. म्हाडाची जुनी इमारत पडली, टॉवर उभा राहिला. रिहॅब विंगमध्ये आम्ही जुने, सेल विंगमध्ये फ्लॅट विकत घेतलेले नवे लोक. खालची जागा गाड्यांनी खाल्ली. वर पोडियम, म्हणजे पार्किंगच्या छतावरचं अंगण, त्यावर एक प्लास्टिकची घसरगुंडी, दोन झोके आणि 'येथे बॉल खेळू नये' हा बोर्ड. बोर्ड लावायचा ठराव आमच्याच कमिटीचा, तेव्हा त्यावर जास्त बोलत नाही.

रविवारी येतो तो तिघांचा गट आहे, मुलांना भंगार सामानातून हवं ते बनवू देणारा. एक ताई जे. जे.तून शिल्पकला शिकलेल्या, एक दादा नाटकांचे सेट करणारे, आणि तिसरी मुलगी कठपुतळ्यांचं काम करते. रविवारी सकाळी टेम्पोतून सामान आणतात, दोन तास मुलांबरोबर असतात, सगळं गोळा करून परत नेतात. साहित्य धरून एका रविवारचे आठ हजार. मुलांकडून वेगळी फी घ्यायची नाही, आणि दोन्ही विंगमधली मुलं येणार असतील तरच आम्ही येऊ, या त्यांच्या दोन अटी. दुसऱ्या अटीवर मीटिंगमध्ये बरीच आदळआपट झाली. पोडियमचा मेंटेनन्स आम्ही भरतो, असं सेलवाल्यांचं म्हणणं. शेवटी जागा ठरली दोन विंगच्या मधल्या फायर ब्रिगेडच्या रस्त्यावर. तिथे गाडी लावता येत नाही आणि ती कोणाच्याच मालकीची वाटत नाही. सामान कडेला ठेवायचं, रस्ता अडवायचा नाही, या बोलीवर.

सामान बघून मीही नाक मुरडलं होतं. फ्रिजचे खोके, पीव्हीसी पाइपचे तुकडे, बांबू, जुन्या साड्या, सुतळी, केबलचे लाकडी ड्रम, सायकलच्या पंक्चर ट्यूबा. आठ हजारांत भंगार? असं एका मेंबरनी तोंडावर विचारलं. ताईंनी शांतपणे उत्तर दिलं, ते मला पटलं. सोरेन्सन नावाचा एक डॅनिश उद्यानरचनाकार होता. आपण बांधलेल्या देखण्या खेळाच्या मैदानांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागेवर पडलेल्या सामानात जास्त रमतात, हे त्याच्या लक्षात आलं. त्यातून १९४३ मध्ये, जर्मनांच्या ताब्यातल्या डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या एमड्रुप भागातल्या वसाहतीत भंगार सामानाचं पहिलं मैदान सुरू झालं. युद्धानंतर हीच कल्पना लंडनमध्ये बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर गेली. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन या कलावंताने मांडलं, की जागेत हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या वस्तू जितक्या जास्त, तितकी तिथल्या माणसाची कल्पकता जास्त. मला यात परकं काही वाटलं नाही. आमच्या समोरच्या प्लॉटवर काम चालू होतं तेव्हा घसरगुंडी रिकामी असायची आणि पोरं रेतीच्या ढिगावर. हाकलून हाकलून वॉचमनचा घसा बसायचा.

मी बेस्टच्या डेपोत फिटर होतो. मुलं काय शिकली ते मला कळत नाही, पण जोड कसा बसलाय ते कळतं. नऊएक वर्षांची एक मुलगी दोन पाइप काटकोनात बांधायला बघत होती. आधी सेलोटेप लावली, निसटली. सुतळी बांधली, सैल पडली. दादा शेजारीच बसले होते. त्यांनी काही दाखवलं नाही, फक्त कापलेल्या ट्यूबच्या पट्ट्यांची बादली तिच्या बाजूला सरकवली. तिने एक पट्टी नुसती गुंडाळली, तरी हललंच. मग दुसऱ्यांदा ताणून गुंडाळली, आधी तिरकी, मग उलट तिरकी, आणि टोक शेवटच्या वेढ्याखाली खुपसलं. रबर ताणून बसलं की आपल्याच ओढीने आवळतं, गाठ मारावी लागत नाही. तिने पाइपला लोंबकळून बघितलं, जोड हलला नाही. हे मला उमेदवारीत उस्तादाने सांगितलं होतं. तिला कोणीच सांगितलं नाही.

तेवढ्यात तिचे वडील आले, 'थांब, मी करून देतो' म्हणत. इथे या मंडळींचं कसब दिसतं. ताईंनी त्यांना अडवलं नाही. हातात कात्री दिली आणि म्हणाल्या, "काका, पट्ट्या संपत आल्यात, तेवढ्या कापून द्याल?" काका तासभर पट्ट्या कापत बसले, खुशीत. मुलाने विचारल्याशिवाय त्याच्या कामाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बहुतेक आईबापांना हाच सगळ्यात जड जातो.

विषय देत नाहीत, नमुना देत नाहीत. त्यामुळे पहिल्या रविवारी मुलं नुसती खोक्यांत शिरून बसली आणि पालक एकमेकांची तोंडं बघत राहिले. हळूहळू रंग चढला. पोरांनी लिफ्ट केली : दोन बांबूंवर आडवा पाइप, त्यावरून दोरी, दोरीला टोपली. खाली खोक्याची केबिन, तिच्यात वॉचमन, त्याच्याकडे रजिस्टर. 'कुठल्या फ्लॅटला जायचंय? ओटीपी सांगा.' मला ओटीपी येईना, तर मला आत सोडलं नाही. पुढच्या रविवारी लिफ्टवर कागद चिकटलेला : 'लिफ्ट बंद आहे. मेंटेनन्स भरा.' आमच्या चेअरमनना हसू आलं नाही. सेल आणि रिहॅबची पोरं एकाच टोपलीची दोरी ओढत होती, हे मात्र त्यांनीही पाहिलं.

मॉलमधल्या एका वर्कशॉपला नातवाला नेलं होतं. पैसे माणशी, सामानाचं पाकीट तयार, आणि शेवटी वीस मुलांच्या हातात वीस सारखी घुबडं. फोटोला छान. घरी आणलेलं घुबड दुसऱ्या दिवशी कचऱ्यात गेलं, कोणाला आठवलंही नाही. इथे घरी न्यायला काहीच मिळत नाही, त्यामुळे ज्यांना व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला फोटो हवा आहे त्यांची निराशा होईल.

आता तक्रारी. मातीचा रविवार सपशेल फसला. दिवाळीला पोडियमवर किल्ला करू देत नाही, वॉटरप्रूफिंग जाईल म्हणून, त्यामुळे मुलं मातीवर तुटून पडणार हे उघड होतं. रस्त्यावर ताडपत्री अंथरली होती, पण पाणी किती लागेल याचा अंदाज नव्हता. चिखल आणि भिजलेला पुठ्ठा मिळून पावसाळी पाण्याच्या जाळीत बसला. प्लंबर आम्ही बोलावला, पैसे आम्ही दिले. गटाने माफी मागितली, बिलाचं नाव काढलं नाही. करारात हे आधी लिहून घ्या.

दुसरं, तेरा-चौदाची मुलं फिरकत नाहीत. लहानांत मिसळायची त्यांना लाज वाटते. त्यांच्यासाठी करवत, ड्रिल असं खरं काम ठेवलं तर येतील, असं मी सुचवलं. 'बघू' म्हणाले. माझ्या मते घाबरले.

मोठी तक्रार ही, की दोन तास झाले की टेम्पो सगळं घेऊन जातो. मुलं हातातलं अर्धं काम सोडून उठतात आणि सोमवारपासून पुन्हा घसरगुंडी. आठ हजारांतला खरा माल तर ते सामान आणि त्याच्याशी कसं वागायचं हे जाणणारी माणसं. माणसं आठवड्यातून एकदा आली तरी चालेल, सामान मात्र राहायला हवं. कमिटीचं म्हणणं, ठेवणार कुठे? जिन्याखाली ठेवता येत नाही, फायरवाले हरकत घेतात, आणि ते बरोबरच आहे. मी सायकल स्टँडच्या मागच्या पत्र्याच्या शेडचं माप घेऊन ठेवलंय. पुठ्ठा सोडून बाकी सगळं तिथे मावतं. शेड मिळाली तर पुढच्या सीझनला दर पंधरवड्याला एकच रविवार घेऊ, निम्म्या पैशांत काम होईल.

घ्यायचं असेल तर दिवाळीनंतर घ्या, परीक्षांच्या आधी संपवा. मे महिन्यात अर्धी मुलं गावाला असतात आणि डांबरावर उभं राहवत नाही. पाच वर्षांखालच्यांबरोबर घरचं एक माणूस हवंच, कात्र्या खऱ्या असतात. आणि ट्यूबा विकत घेऊ नका. सायकलवाल्याकडे पंक्चरच्या पोतंभर पडलेल्या असतात, मागितल्या तर फुकट देतो. साबणाने धुऊन घ्या, आतली पावडर हाताला आणि मग सगळ्या कपड्यांना लागते.