ओव्हरलँड एक्स्पो वेस्ट : खरेदीपेक्षा शिकण्यासाठी जावे

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफजवळ, सुमारे ७,००० फूट उंचीवरच्या फोर्ट टटहिल काउंटी पार्कमध्ये मे महिन्यात भरणारा, ओव्हरलँडिंग म्हणजे गाडीतूनच मुक्काम करत दुर्गम भागांत भटकणाऱ्यांचा हा मेळा, वाळवंटाच्या कल्पनेने आलेल्यांना रात्री चांगलाच गारठवतो. गाडीच्या छतावर बसवायचे तंबू, विंच (दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारे यंत्र) आणि बॅटरीवर चालणारे फ्रिज मांडलेली दालने प्रेक्षणीय आहेतच; पण पैसे वसूल होतात ते प्रशिक्षणवर्गांत. रुतलेली गाडी ओढताना ताणलेल्या दोरावर जाड, वजनदार कापड टाकले की दोर तुटला तरी त्याच्या उसळीचा जोर कमी होतो, हे तेथे समोर पाहता येते. एका दालनात मात्र तंबूची किंमत तत्परतेने सांगणारा विक्रेता वजन विचारताच निरुत्तर झाला. आपल्या गाडीच्या छताची भारक्षमता ठाऊक असल्याखेरीज तंबूसाठी आगाऊ रक्कम देऊ नये.