उबदार हिवाळा, परसातला हापूस आणि रोपवाटिकेची घरपोच सल्लासेवा

यंदा थंडी जेमतेमच पडल्याने आमच्या परसातल्या हापूसच्या शेंड्यांवर मोहोराऐवजी तांबूस, लुसलुशीत पालवी फुटली, म्हणून साताऱ्याजवळच्या एका रोपवाटिकेच्या माळ्यांना घरी बोलावले. मोहोर धरण्यासाठी काही आठवडे रात्रीचे तापमान १५ अंशांच्या आसपास किंवा त्याखाली राहावे लागते, नाहीतर तयार फांदीही पालवीकडे वळते, हे त्यांनी एकेक शेंडा वाकवून दाखवत समजावले. औषध गळ्यात न मारता त्यांनी पाणी आणि नत्रखत तूर्त थांबवायला सांगितले, हे मला फार मोलाचे वाटते. मात्र याच रोपवाटिकेत सफरचंदाची रोपे विकताना त्या झाडांना फुलण्यासाठी ७ अंशांखालील थंडी किती तास लागते, हे कुठेही लिहिलेले नाही. साताऱ्याच्या हवेत ही माहिती गिऱ्हाइकाला आधी मिळायलाच हवी.