मराठी प्रबंधाचं स्पेसिंग: वर्ड, रायटर का गुगल डॉक्स?

कोल्हापूरला राजारामपुरीत टायपिंगची कामं करतो, आणि शिवाजी विद्यापीठाला प्रबंध द्यायचे दिवस आले की पोरं हाच प्रश्न घेऊन येतात. तिन्ही रोज वापरतो म्हणून सांगतो.

वर्डमध्ये हात सगळ्यात पटकन चालतो. ओळींच्या अंतराला कंट्रोल १ सिंगल, ५ दीड, २ डबल, झालं काम. फक्त व्हर्जनप्रमाणे मुळातलं सेटिंग बदलतं, २००७ ला ओळीचं अंतर १.१५ पट आणि पॅराग्राफनंतर १० पॉइंट, २०१३ ला १.०८ आणि ८, त्यामुळं एक प्रकरण घरी आणि दुसरं कॉलेजच्या लॅबमध्ये टाईप केलं की दोन्ही वेगळी दिसतात आणि पोरगं बिचारं कारण शोधत बसतं.

आता खरं दुखणं. लाईन स्पेसिंगमध्ये 'एक्झॅक्टली' आहे ना, ओळीची उंची ठरावीक पॉइंटात बांधणारं, ते मराठीला लावूच नका. इंग्रजीला वर काही नसतं, आपल्याकडं रफार, वेलांटी, अनुस्वार सगळं शिरोरेषेच्या वर. परवा एका मुलीची फाईल आली, फॉन्ट मंगल १४ आणि एक्झॅक्टली १६, पहिल्याच पानावर 'मार्गदर्शक' चं 'मागदशक' झालेलं. मंगलची ओळ मुळातच उंच आहे, तिला १६ पॉइंटात कोंबलं तर वरचं कापलं जाणारच. 'अ‍ॅट लीस्ट' किंवा 'मल्टिपल' घ्या, त्यात ओळ अक्षराप्रमाणे उंच होते, अक्षर शाबूत राहतं.

लिबरऑफिस रायटर फुकट आहे आणि कामाला अजिबात कमी नाही. तिथं एक्झॅक्टलीला 'फिक्स्ड' म्हणतात, धोका तोच. पण वर्डची सवय असलेल्यांनी सांभाळा, इथं कंट्रोल १ दाबलं की अख्खा पॅराग्राफ हेडिंग होतो.

गुगल डॉक्समध्ये ओळीचं अंतर फक्त पटीत देता येतं, पॉइंटात बांधता येत नाही, म्हणून रफार कापायची भानगडच नाही. सरांना मोबाईलवर दाखवायला, दोघांनी मिळून लिहायला झकास. मोठ्या प्रबंधाचं शेवटचं फॉर्मॅटिंग मात्र मी त्यात करत नाही.

आणि तिन्हीकडं सारखंच, दोन पॅराग्राफमध्ये जागा पाहिजे म्हणून दोनदा एंटर मारू नका हो, नंतर दीडशे पानांत एकेक मोकळी ओळ पुसायला लागते, त्यापेक्षा पॅराग्राफनंतरची जागा म्हणजे 'आफ्टर', तिथं ६ नाहीतर ८ पॉइंट द्या, तेही स्टाईलमध्ये, म्हणजे एका जागी बदललं की सगळीकडं बदलतं.

माझं मत विचाराल तर कच्चं डॉक्समध्ये लिहा, वर्ड घेतलेलं असेल तर शेवटचा हात वर्डमध्ये, नसेल तर रायटर घ्या, उगा पैसे घालू नका. प्रिंटला मात्र पीडीएफच आणा, दुकानात तुमचा फॉन्ट नसला की ओळी सरकतात आणि अनुक्रमणिकेतले पान नंबर चुकतात.