स्लॅबवर चुना मारला, एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा काढला, आता खरंखरं सांगतो

आधीच सांगतो, मी काही पेंटवाला नाही न दुकानदारही नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात संत्र्याचं वावर आहे, घर बाबाच्या काळातलं, पुढच्या 2 खोल्यांवर स्लॅब न मागं स्वयंपाकघरावर टिन. स्लॅब टाकून 19 वर्षं झाली. एप्रिल लागला की रात्री 11 ला बी पंखा लावला तर वरून गरम हवाच फेकते, म्हणजे भट्टीच्या तोंडाशी झोपल्यासारखं. आई तर दुपारभर कडुलिंबाखाली बाज टाकून पडायची, आत यायलाच तयार नसायची.

दोन वर्षांआधी आंबिया बहाराची, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या संत्र्याची, ऑगस्टमध्ये अशी गळ झाली की व्यापाऱ्यानं झाडावरचा सौदा निम्म्यावर आणला, न तिथून कर्जाचं गाडं अडकलं. सोसायटीचं पीककर्ज, त्यात आईच्या गोफाचं गोल्ड लोन, न बायकोच्या नावानं एका फायनान्सचं आठवडी हप्त्याचं, ते हिशोब केला तर 24 टक्क्याच्या आसपास पडत होतं. मग आम्ही दोघांनी बसून ठरवलं की आठवडीवालं आधी संपवायचं, मग सोनं सोडवायचं, न सोसायटीचं काही झालं तरी तारखेच्या आत भरायचं, कारण 3 लाखापर्यंतचं पीककर्ज वेळेत भरलं तर आपल्याकडे 0 टक्क्यानं पडते, तारीख हुकली की ती सवलत गेलीच समजा. घरावर खर्च बंद. म्हणजे बंदच.

पण उन्हाळा तर बंद होत नाही ना भाऊ.

त्याच वेळी एक पोरगा मोटरसायकलवर घरी आला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. म्हणे काका, स्वयंपाकघरावर स्लॅब टाका, पुढच्या खोल्यांना आतून पीओपीचं खोटं छत करा, 2 लाख देतो, कागद बी जास्त लागत नाही. चहा पाजला त्याला, मग मुलीला म्हटलं मोबाईलवर हिशोब कर. 18 टक्क्यानं 3 वर्षं म्हणजे महिन्याला 7230 रुपये, न शेवटी 60 हजार नुसतं व्याज. आमची बायको आतूनच बोलली, "पीओपीनं गरमी कमी होते का हो दादा, का गरमी तेवढीच राहते न फक्त दिसत नाही?" पोरगा हसला, टॅब बंद केला.

तर चुन्याचं. संत्र्यावाल्यांना चुना काही नवा नाही. पावसाळ्याआधी न नंतर आपण बुंध्याला बोर्डो लावतोच, 1 किलो मोरचूद, 1 किलो कळीचा चुना, 10 लिटर पाणी. मी झाडाला ब्रश मारत होतो न बाबा बांधावर बसून म्हणाले, "झाडाले लावतं, घराले काहून नाही लावत?" मी म्हटलं घराला काय डिंक्या (बुंध्यातून डिंक गळायचा रोग) झाला का. ते म्हणे, "उन्हाले पांढरं दिसलं की ऊन परत जाते. आमच्या लहानपणी कवेलूचं (कौलारू) घर होतं तं काही लागत नव्हतं, ह्या स्लॅबानंच सगळं नासवलं." स्लॅब दिवसभर ऊन पिऊन घेते न रात्रभर ओकते, हे तर आम्ही अंगावर भोगतच होतो. पांढरा केला तर पिणारच कमी, एवढा साधा हिशोब.

पहिल्यांदा फसलो. तालुक्याला एका दुकानातून 20 किलोचं पोतं आणलं, 300 ला, स्वस्त पडलं म्हणून खुश. घरी ड्रममध्ये टाकून पाणी ओतलं तर काहीच नाही. ना वाफ, ना आवाज, नुसता गाळ बसला. कळीचा चुना ताजा असला की पाणी पडताच खदखद उकळते, ड्रमला हात लावता येत नाही, न हा तर थंडगार. हवेतली ओल खाऊन आधीच मेलेला. दुकानदार म्हणे पोतं फुटलं, आता वापस नाही. भांडून काही उपयोग नव्हता. शेवटी शाळेच्या पोरांनी त्याची फक्की करून कबड्डीच्या रेषा आखल्या, म्हणजे 300 रुपये गावाच्या खेळाला दान. तेव्हापासून मी दुकानातच एक ढेकूळ वाटीत टाकून वर पाणी ओततो, फुटलं न तापलं तरच पैसे देतो. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

दुसरं पोतं दुसरीकडून घेतलं, 360 चं, ढेकळं कडक होती. हे संध्याकाळी लोखंडी ड्रममध्ये टाकलं न पाणी सोडलं, बाप्पा! 5 मिनिटात भदाभदा उकळायला लागलं, शिंतोडे हातभर उडत होते. इथे मस्करी नाही. डोळ्यात गेला तर डोळा जाते. मी फवारणीचा गॉगल न हातमोजे घातले होते, लहानग्याला न कुत्र्याला घरात कोंडलं होतं. प्लॅस्टिकच्या बादलीत तर करूच नका, वितळते. रात्रभर तसंच राहू दिलं, सकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं गाळलं, दह्यावरच्या निवळीवाणी वर पाणी न खाली लोण्यासारखा चुना. त्यात चुन्यात टाकतात तो फेविकॉल 1 किलो, 220 चा, न थोडी नीळ. पूर्वी लोक गूळ-डिंक टाकायचे म्हणते आई, पण मुंग्या कोण आवरणार.

त्याआधी 2 दिवस स्लॅब साफ केला. हे काम लोक टाळतात न मग म्हणतात चुना टिकत नाही. खराट्यानं माती काढली, शेवाळाचे काळे डाग तारेच्या ब्रशनं घासले, भेगा मोकळ्या करून सिमेंट न वॉटरप्रूफिंगचं लिक्विड मिसळून भरल्या, त्याला 340 लागले. भेगा तशाच ठेवून वरून चुना मारणं म्हणजे फाटक्या धोतराला इस्त्री.

न मारायची वेळ बी पाहा. मी पहिला हात दुपारी 12 ला मारला, हौस! ऊन एवढं की चुना लागता लागता वाळला, दुसऱ्या दिवशी बोट फिरवलं तर पूर्ण बोट पांढरं. चुन्याला धरायला वेळ न ओल दोन्ही लागते, हवा खाऊन खाऊन तो हळूहळू दगडासारखा होतो, तापलेल्या स्लॅबावर त्याला ती फुरसतच भेटत नाही. मग पुढचे 3 हात सूर्य निघायच्या आधी, स्लॅबावर पाणी शिंपडून, पातळ पातळ. दुसऱ्या हातानंतर 2 दिवस संध्याकाळी हलकं पाणी मारलं. ते मात्र पक्कं बसलं.

आता मेन गोष्ट, फरक पडला का. मला पण डाउट होताच, म्हणून मी एकदम दोन्ही खोल्यांवर नाही मारला. आधी आईच्या खोलीवर मारला, बाजूची तशीच ठेवली, न 150 रुपयेवालं भिंतीचं थर्मामीटर घेतलं (मुलीच्या सायन्सच्या प्रोजेक्टला बी कामी आलं). बाहेर 45 होतं त्या आठवड्यात, आपल्याकडे मे महिन्यात ते काही नवल नाही. दुपारी 4 ला बिनचुन्याच्या खोलीत 41, चुन्याच्या खोलीत 37. रात्री 10 ला 38 न 35. दुसऱ्या दिवशीही जवळपास तेवढंच. चार डिग्री ऐकायला कमी वाटते पण खालून स्लॅबाला हात लावून पाहा, एका खोलीत स्टूलवर चढून तळहात टेकवला तर चटकन काढावा लागे, दुसऱ्या खोलीत टेकवून ठेवता येत होता. हेच माझ्यासाठी खरं मीटर. आठ दिवसांनी दुसऱ्या खोलीवर बी मारून टाकला.

थंड होते असं नाही म्हणत मी. जे कोणी सांगते की एसीसारखं होते ते फेकते. 45 च्या दुपारी कुलर लागतोच. पण आधी आम्ही सकाळी 11 ला चालू करायचो, आता 1 - दीडला. त्यानं विजेचं काही फार वाचत नाही, महिन्याला 13-14 युनिट, पण पाण्याच्या गुंड्या वाचतात, न मे महिन्यात ज्याच्या घरी एक दिवसाआड नळ येते त्याला ती किंमत कळते. अजून एक फुकटची गोष्ट, कुलर असून खोली चिपचिप होत असेल तर समोरची खिडकी उघडा, दमट हवेला निघायला वाट पाहिजे. आमच्याकडे बाबांनी चिमण्या येतात म्हणून रोशनदान विटा लावून बुजवलं होतं. ते फोडून जाळी बसवली. चिमण्या आल्या नाहीत, हवा आली.

टिनाचं मात्र वेगळं. हाच चुना मी स्वयंपाकघराच्या टिनावर बी मारला न तो पूर्ण वाया गेला. टिन तापते-निवते, फुगते-आवळते, न गुळगुळीत, चुना धरतच नाही. जूनच्या पहिल्या सरीत सगळा पन्हाळातून दुधासारखा वाहत आंगणात, तुळशीच्या बुडाशी थर जमला, आई 2 दिवस बोलली नाही. शिवाय नव्या टिनाचा जस्ताचा मुलामा ओला चुना खराब करते असं मिस्त्री म्हणाला, ते आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. काही लोक टिनावर तुराट्या न पऱ्हाट्या (तुरीच्या न कपाशीच्या वाळल्या काड्या) टाकतात, सावली चांगली पडते, आम्हीही वर्षानुवर्षं टाकायचो, पण खाली चूल-गॅस असला तर जीव टांगणीला, न विंचू निघतात ते वेगळे. टिनाला पॉलिश पेपर मारून, जस्ताच्या टिनावर धरणारा प्रायमर लावून वरून पांढरा पेंट मारणंच बरोबर. ते मी यंदा अर्ध्याच टिनावर केलं, संत्र्याचे पैसे आले तेव्हा, न बाकीचं ठेवलं पुढच्या हप्त्यानंतर.

दुकानात एकानं ऊन परतवणारा रेडिमेड पेंट दाखवला होता, 20 लिटरच्या डब्याचे साडेचार हजार. तो चांगला असेल, 3-4 वर्षं टिकते म्हणतात, पैसा हातात असला तर घ्या बाबा, मी वापरला नाही तर त्याच्यावर बोलत नाही. मला एकूण लागले 1350, त्यात ते मेलेल्या चुन्याचे 300 बुडीत धरून, न 2 कुंच्यांचे 120. थर्मामीटर न मजुरी धरली नाही. मिस्त्रीनं मजुरीचेच 1200 सांगितले होते, म्हणून आम्ही बापलेक न मुलगी असे तिघांनीच 4 सकाळीत उरकलं. पाठ मात्र आठवडाभर बोलत होती.

टिकण्याचं बोलायचं तर, स्लॅबावरचा दिवाळीपर्यंत निम्मा उरला. जिथे पाणी साचते त्या कोपऱ्यात साफ धुतला गेला. म्हणजे दरवर्षी एप्रिलमध्ये परत एक-दोन हात, हे धरूनच चाला. आणि पहिल्या 2-3 पावसाचं छताचं पाणी टाकीत घेऊ नका.

यंदा परत मारला, 2 हातात भागलं कारण खालचा थर होता, खर्च साडेपाचशे. आठवडी हप्ता जानेवारीतच संपला. गोफ अजून बँकेतच आहे. आई आता दुपारी आत झोपते, पण संध्याकाळी म्हणते की बाजेवर जास्त वारा लागायचा.

मार्क म्हणाल तर स्लॅबाला 10 पैकी 8, टिनाला 10 पैकी 1. माझ्याकडे 6-7 किलो कळी उरली आहे, झाकणाच्या डब्यात बंद, वाटीत टाकून उकळून दाखवतो. गावातल्या कोणाला पाहिजे असेल तर घेऊन जा, कुंचा आपला आपला आणा, मागच्या वेळी दिलेला अजून वापस आला नाही.